आईचा वार रविवार

काळाचौकी
११ नोव्हेंबर

अनुजा,

आशीर्वाद लिहावा की नाही, यात दोन दिवस गेले. शेवटी लिहितेच, अनेक आशीर्वाद. नको असतील तर ही ओळ सोडून पुढे वाच.

फोन करत नाही, कारण फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला भांडण होतं. सात वर्षांपूर्वीचा शेवटचा फोन तू आपटलास की मी, हे मला अजून नक्की सांगता येणार नाही. कागदावर निदान मला पुरतं बोलता येतं आणि तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

पत्ता कुठून मिळाला, तेही सांगते. सुशांतचा एक फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना होता, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं? मी पेन उघडून बसले होते, माझंच नाव घालायला. तुझा भाऊ म्हणाला, ‘ताई.’ मी म्हटलं, अरे ताई मेलबर्नला, तिथून काय करणार ती? तर म्हणाला, ‘ताई फोन उचलते.’ आणि मोबाइल काढून तुझा पत्ता दाखवला. दर शनिवारी दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोघं बोलता, हे मला त्या दिवशी कळलं. पस्तीस वर्षांचा माणूस माझ्या नाकाखाली सात वर्षं एक गुपित सांभाळून होता, आणि मी जगाला सांगत होते की याच्या पोटात काही राहत नाही.

तेव्हा तुला हे माहीतच असेल, की सुशांत आता माझ्याजवळ राहत नाही. दिवाळी झाली आणि गेला. प्रभादेवीला जुन्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. सोबत त्याच्यासारखाच अभय म्हणून एक जण आहे, एक्केचाळीस वर्षांचा, बोलतो कमी, भात उत्तम करतो. अशांना स्वतंत्र राहायला शिकवणारी एक संस्था आहे, तिथली इरावती रोज संध्याकाळी तासभर येते आणि काय जमलं, काय नाही, ते भिंतीवरच्या तक्त्यावर खुणा करून जाते. बाकी वेळ दोघंच. सकाळी आधी अभय निघतो, मग सुशांत लालबागला मसाल्याच्या दुकानात जातो. पाकिटं वजन करून बंद करायचं काम अजून तेच. शेठ म्हणतात, याच्या पाकिटात पाच ग्रॅम इकडचे तिकडे होत नाहीत.

मे महिन्यात मी मोरीत घसरले. फार काही नाही, थोडा वेळ पडून होते, कंबर धरली. पण मनात आलं, आता काहीतरी बघायला हवं. तू जे सांगत होतीस ते अगदीच चुकीचं नव्हतं, एवढं म्हणते. याहून जास्त आज माझ्याकडून लिहवणार नाही.

इरावतीचा नियम कडक आहे. पहिले काही महिने आईने फक्त रविवारी यायचं, चार ते सात. भिंतीवर वारांचा कागद आहे, त्यावर सुशांतने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘रविवार – आई’. मी म्हणजे जशी पाणी यायची वेळ. एक जादा किल्ली मात्र मी माझ्याकडे ठेवली आहे. अडीअडचणीला असावी.

तिकडे म्हणे आता उन्हाळा लागतो. मला ते अजून खरं वाटत नाही.

आई


२८ नोव्हेंबर

अनुजा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन आता मला बघून जिन्याखालूनच मान हलवतो.

सुशांतचं छान चाललंय. तक्त्यावर खुणाच खुणा. चादर घडी केलेली, पिंप भरलेलं, गॅस बंद, केर काढलेला. इरावती म्हणाली, ‘काकू, तीन आठवड्यांत इतकं कोणाला जमलेलं मी पाहिलं नाही.’ मी नुसती हसले. तसा धांदरटपणा आहेच त्याचा. कप पालथे घालतो पण पुसत नाही. ओला टॉवेल दारावर टाकून कामाला जातो, बाल्कनीत नेत नाही. मला कसं माहीत म्हणशील, तर रविवारी दिसतं सगळं.

आपली एवढीशी खोली मोठी झाली आहे. पूर्वी संध्याकाळी सव्वासहाला आधी भाजलेल्या धण्यांचा वास यायचा आणि मागून तो. वास शर्टालाच बसलेला असायचा. मी ओरडायचे, मेल्या आधी शर्ट बदल, माझं डोकं उठलं. आता सव्वासहाला मी दारात जाऊन उभी राहते आणि शेजारच्यांच्या तळलेल्या बोंबलांचा वास येतो. परवा मसाल्याच्या गल्लीतून मुद्दाम चालत आले. दुकानात डोकावले नाही. नुसता वास घेऊन परत आले, वेड लागल्यासारखी.

मग तुझा साखरपुडा आठवत बसले. दादरचा तो हॉल, चहा फिरत होता, आणि मी सगळ्यांच्या देखत तुला म्हटलं, सुशांतच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे, माझ्यामागे याला तू सांभाळशील. तू हात मागे घेतलास. म्हणालीस, ‘मी त्याची बहीण आहे आई, तुझी बदली कामगार नाही. त्याला स्वतःचं स्वतः राहायला शिकव.’ तुझ्या बाबांच्या गिरणीतला शब्द तू माझ्यावर फेकलास. समोरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली आणि आठ दिवसांत त्यांचा नकार आला. नकार आला त्या दिवशी मी तुला काय म्हणाले, ते तुला पाठ असेल. मी इथे लिहीत नाही.

आई


१३ डिसेंबर

अनुजा,

सुशांत ठीक आहे, ते आधी लिहिते. काल प्रभादेवीच्या घरात जाळ झाला. तो तेव्हा दुकानात होता. सकाळी अंडी उकडली, डब्यात घेतली, गॅस तसाच ठेवून कामाला गेला. पाणी आटलं, पातेलं जळलं, बाजूचं फडकं पेटलं. शेजाऱ्यांनी कुलूप तोडून विझवलं. ओट्यामागची भिंत काळी झाली, त्यावरच निभावलं.

सोसायटीचे सेक्रेटरी रमाकांत परब म्हणून आहेत. ते तिथल्या तिथे म्हणाले, ‘बाई, इमारतीत म्हातारी माणसं आहेत. उद्या काही झालं तर? ही मुलं इथे नकोत.’ मुलं म्हणे, पस्तीस आणि एक्केचाळीस वर्षांची. येत्या २२ तारखेला, रविवारी मीटिंग आहे. दोघांनी राहायचं की जागा सोडायची, ते त्यात ठरणार.

मी सुशांतला विचारलं, गॅस का नाही रे बंद केलास? तो माझ्याकडे बघत राहिला.

मी इरावतीला म्हटलं, त्याला झेपत नाही, मी घेऊन जाते परत. त्याची खाट मी अजून हलवलेली नाही. आणि असं म्हणताना मला बरं वाटलं, अनुजा. भिंत काळी पडलेली, अभय कान झाकून कोपऱ्यात बसलेला, आणि मला आतून बरं वाटत होतं.

काल सकाळी मी परळला डोळे तपासायला गेले होते. म्हणून मला सगळं उशिरा कळलं.

आई


१६ डिसेंबर

अनुजा,

गेल्या पत्रातली डोळ्यांची गोष्ट मी उगाच लिहिली नव्हती. पुढचं लिहायचा धीर झाला नाही, म्हणून तिथेच थांबले होते. आता लिहिते.

तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी प्रभादेवीला जात होते. त्यांच्या इमारतीसमोर दूध केंद्र आहे, तिथे उभी राहायची. साडेनऊला तो खाली येतो. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, डबा डाव्या हातात. गल्लीच्या टोकाला वळला की मी वर जायची. अडीअडचणीची किल्ली म्हणाले होते ना, ती अडचण माझीच होती. चादर नीट घडी करायची, पिंप भरायचं, टॉवेल बाल्कनीत टाकायचा आणि गॅस बंद करायचा. मग पाच मिनिटं त्याच्या बिछान्यावर पडायची. तिथे धण्यांचा वास येतो.

पहिल्याच दिवशी गॅस चालू सापडला होता. तेव्हाच इरावतीला सांगायला हवं होतं. तिने शिकवलं असतं त्याला, चार दिवसांत नाही तर चाळीस दिवसांत. पण सांगायचं तर मी आत कशी गेले, हे आधी सांगावं लागलं असतं. म्हणून महिनाभर तो अंडी उकडून जायचा, मागून मी गॅस बंद करायची, आणि संध्याकाळी इरावती तक्त्यावर खूण करायची. गुरुवारी मी परळला डोळ्यांत थेंब घालून बसले होते.

लिहायला बसलेच आहे तर मे महिन्याचंही खरं सांगते. थोडा वेळ नव्हे, सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत मी मोरीत पडून होते. दुकानाला सुट्टी होती म्हणून सुशांत घरात होता. त्याने डोक्याखाली उशी दिली, अंगावर चादर घातली, पंखा लावला आणि माझ्याजवळ बसून राहिला. मी म्हणत होते, शेजारी कोणाला तरी बोलाव. तो उठेना. दहाला शेजारच्या वहिनींनी कडी वाजवली, दुधाची पिशवी बाहेरच राहिली म्हणून. त्याने आतून सांगितलं, ‘आई घरात नाही. नंतर या.’ माझा आवाज मोरीच्या बाहेर जाईना.

कारण मीच त्याला लहानपणापासून शिकवलं होतं, आई स्वतः उठून उघडत नाही तोवर दार उघडायचं नाही, कोणी आलं तर सांगायचं आई घरात नाही. पोलिओच्या डोसवाल्या बायांनासुद्धा तो तेच सांगायचा आणि मला कौतुक वाटायचं. शिकवलेलं त्याने अगदी बरोबर केलं. एक वाजता त्याचा मोबाइल वाजला, शेठचा असेल. तो ‘हो, हो’ म्हणाला आणि काय सुचलं कोण जाणे, उठून त्याने कडी काढली.

त्या चार तासांत मला तुझं बोलणं आठवत होतं. तू स्वतःची सुटका करून घ्यायला ते बोललीस, असं मी सात वर्षं धरून चालले होते. तू त्याच्यासाठी बोलत होतीस. आणि इतकं कळूनही मी काय केलं, तर त्याला घर दिलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

रविवारच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं तर तो वाचेल. पण किल्ली जाईल. मला ठरवता येत नाही, असं लिहायचीही लाज वाटते.

आई


२३ डिसेंबर

अनुजा,

मीटिंग झाली. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, वीसेक माणसं होती. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेले होते. तुला माझा राग येईल, येऊ दे.

परबांनी सुशांतला उभं केलं. माणूस वाईट नाही, आवाज चढवला नाही. विचारलं, ‘सुशांत, त्या दिवशी गॅस बंद का नाही केलास रे?’

सुशांत म्हणाला, ‘गॅस आईचं काम.’

लोक हसले. मागून कोणी तरी बोललं, ‘बघा, हे असं आहे.’ परबांनी समजावलं, ‘अरे, आई काळाचौकीला राहते ना? इथे तू आणि अभय.’

‘आई रोज येते. मी चादरीला तीन घड्या घालतो, संध्याकाळी चार असतात. टॉवेल बाल्कनीत जातो. गुरुवारी आई नाय आली.’

इरावती हळूच म्हणाली, ‘सुशांत, आई रविवारी येते. हो ना?’ तिलाही वाटलं हा गोंधळला. तो माझ्याकडे वळला नाही. मला साक्षीला बोलावलं नाही. खरं ते सांगून झालं होतं, आता तो नुसता उभा होता, वरचं बटण लावलेलं, आणि गच्चीवरचं एकही माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हतं. महिनाभर त्याला सगळं ठाऊक होतं. माझंही गुपित त्याने सांभाळलं होतं, कोणी विचारीपर्यंत.

मी उठले. म्हटलं, ‘तो खरं बोलतोय. मी रोज चोरून येत होते. गॅस मी बंद करत होते.’ मोरीत निघाला नव्हता तो आवाज तिथे निघाला.

एक बाई म्हणाल्या, ‘मग पोरांना कशाला, आईलाच बंदी घाला की!’ सगळे हसले, मीही हसले आणि हसता हसता रडले. परबांनी तीन महिने दिले. पंधरा दिवस इरावती सकाळीही येणार, गॅस शिकवायला.

जिन्यात सुशांतने हात पुढे केला. ‘किल्ली.’ मी म्हटलं, अरे अडीअडचणीला राहू दे. तो म्हणाला, ‘अडचणीला ताई आहे, इरावती आहे, परबकाका आहेत.’ तीन बोटं मोजून दाखवली. त्यात मी नव्हते. मी किल्ली दिली.

आई


१५ जानेवारी

अनुजा,

काल संक्रांत झाली. मी तिळाचे लाडू घेऊन प्रभादेवीला गेले. सणाला वार कसला बघायचा, असं मनाशी म्हणत गेले. पहिल्यांदा त्या दाराची बेल वाजवली.

आतून आवाज आला, ‘कोण?’

‘आई.’

दाराच्या भिंगात अंधार झाला, म्हणजे तो बघत होता. मग म्हणाला, ‘आई, आज मंगळवार. तुझा वार रविवार.’

‘अरे संक्रांत आहे, तिळगूळ आणलाय.’

‘तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. तूच सांगितलंस. रविवारी ये.’

ज्या माणसाला मी दार उघडायचं नाही असं शिकवलं, त्याने माझ्यासाठी दार उघडलं नाही. पण या वेळी त्याने विचारलं, बघितलं, आणि स्वतः ठरवलं. मी लाडवांचा डबा घेऊन जिन्यात बसले. परब वर येत होते. म्हणाले, ‘काय हो, घेत नाही आत?’ मी त्यांनाच दोन लाडू दिले. बसमध्ये खूप रडू आलं, अनुजा. मला तो हवा होता गो. आत्ता, मंगळवारी, हवा होता.

आई


२० जानेवारी

अनुजा,

काल रविवार होता. चारला बेल वाजवली, दार उघडलं. सुशांतने आधी पाणी दिलं, कोणा पाहुण्याला देतात तसं, पेल्याखाली ताटली धरून. अभयने खुर्ची पुढे केली. मी उठून भांडी आवरायला लागले तर सुशांत म्हणाला, ‘तू बस.’ बसले. माझ्या हातांना काय करावं कळेना.

मग त्याने माझ्यासाठी अंडी उकडली. झाल्यावर गॅसचं बटण फिरवलं, सिलिंडरचं बटण फिरवलं, दोन्हींवर हात ठेवून मोठ्याने म्हणाला, ‘बंद.’ दाराजवळ जाऊन परत आला, पुन्हा बघितलं, पुन्हा म्हणाला, ‘बंद.’ मी मान खाली घालून अंडं खाल्लं. मीठ जास्त होतं. मी काही बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी किती मोठं आहे ते तुलाच कळेल.

भिंतीवरचा वारांचा कागद नवा केलाय. त्यावर ‘शनिवार – ताई’ असं लिहिलंय. मी म्हटलं, ताई काय इथे येते? तो म्हणाला, ‘फोनवर येते. ताई म्हणाली कडी काढ, मग मी काढली.’

मला आधी कळलंच नाही. कुठली कडी? ‘तू मोरीत होतीस ना. ताईचा फोन आला. मी म्हटलं आई झोपली मोरीत, उठत नाय. ताई म्हणाली कडी काढ, वहिनींना बोलाव. मी म्हटलं आई ओरडेल. ताई म्हणाली नाय ओरडणार, मी सांगते ना.’

तो शनिवार होता. एक वाजला होता, त्याच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ. तुमचे शनिवारचे फोन कळले तेव्हाच मी हे जोडायला हवं होतं.

आठ महिने तू हे कोणाला बोलली नाहीस. मी तुला लिहिलं ‘थोडा वेळ पडून होते’, आणि तू ते वाचलंस. वाचतेस, हेही त्यानेच सांगितलं. ‘ताई पत्रं वाचते. मग रडते. मग माझ्याशी बोलते.’

आता ते लिहिते, जे नोव्हेंबरात लिहिलं नव्हतं. साखरपुडा मोडला त्या दिवशी मी तुला म्हणाले होते, ‘असली मुलगी असण्यापेक्षा नसलेली बरी.’ ती नसलेली मुलगी मे महिन्यात मला उठवून गेली, इतक्या लांबून. चुकलं माझं, अनुजा. शपथ मागितली तेही चुकलं, आणि नंतर बोलले तेही. मला तुझी आठवण येते. सणाला येते, आणि काही नसतानाही येते. दोघांचा आवाज ऐकल्याशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

तू कधी आलीस तर आधी माझ्याकडे येऊ नकोस. आधी त्याच्याकडे जा, शनिवारी जा, तो तुझा वार आहे. बेल वाजव. तो विचारेल कोण, नाव सांग. भिंगातून बघेल, उघडेल, पाणी देईल. त्यांच्याकडे आता तीन ताटं आहेत. तिसरं मला वाटलं माझं, पण तो म्हणाला, ज्याचा वार असेल त्याचं. सात वाजले की तो जा म्हणेल, वाईट वाटून घेऊ नकोस.

मग इकडे ये, कुठल्याही वारी. मोरीत पडले त्या दिवसापासून मी आतून कडी लावत नाही. दार नुसतं ढकल.

आई